हेंड्राचा तबेला

ब्रिस्बेन ही ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याची राजधानी. या शहरात हेंड्रा नावाचे एक उपनगर आहे. ईगल फार्म आणि डूम्बेन ही शर्यतीची दोन मैदाने तिथून अगदी जवळ आहेत, त्यामुळे हेंड्रात घरामागे तबेला असणे ही कुणाला नवल वाटावे अशी गोष्ट नव्हे. अशाच एका तबेल्यात ७ सप्टेंबर १९९४ रोजी एक आजारी घोडी आणली गेली. तिचे नाव ‘ड्रामा सीरीज’. ती गाभण होती आणि शहराच्या दुसऱ्या भागात, कॅनन हिल इथल्या कुरणात चरायला सोडलेली होती. तिला ताप होता, श्वास जड झाला होता, खाणे सुटले होते. तबेल्याचे ट्रेनर विक रेल आणि त्यांचा मदतनीस यांनी तिला हाताने भरवायचा प्रयत्न केला. दोन दिवसांत घोडी मेली.

इथवर वाचून घोड्यांच्या जगाशी परिचय असलेल्या कुणालाही फारसे वावगे वाटणार नाही. घोडे मरतात, गाभण घोडी तर अनेक कारणांनी मरते. पण पुढच्या दोन-अडीच आठवड्यांत त्याच तबेल्यातले आणि शेजारचे घोडे एकामागून एक आजारी पडू लागले. अंगात भरपूर ताप, धाप, आणि शेवटी नाकातून फेस. घोडा माणसासारखा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही. त्याच्या घशाची रचनाच अशी असते की हवेला नाकावाटेच वाट असते. त्यामुळे घोड्याच्या नाकातून फेस येऊ लागला याचा अर्थ त्याच्या फुप्फुसात पाणी भरले आहे आणि तो उभ्या जागी बुडतो आहे. एकूण २१ घोड्यांना लागण झाली. त्यातले १४ दगावले. मधल्या काळात रेल आणि त्यांचा मदतनीस हे दोघेही फ्लूसारख्या तापाने आजारी पडले. मदतनीस काही आठवड्यांनी बरा झाला. रेल २७ सप्टेंबरला रुग्णालयात वारले. त्यांचे वय ४९ होते.

घोड्यामुळे घोडा मरतो हे ठाऊक होते. घोड्याच्या श्वसनरोगाने माणूस मेला, ही गोष्ट मात्र पशुवैद्यांच्या कुठल्याही यादीत नव्हती. हा लेख त्या यादीविषयी आहे. आजारी घोड्याच्या नाकातला किंवा रक्तातला नमुना घेऊन आपण प्रयोगशाळेला नेमके काय विचारतो, आणि जे विचारत नाही त्याचे काय होते, याचा गेल्या तीस वर्षांतला इतिहास हेंड्राच्या त्या तबेल्यापासून सुरू होतो.

यादी कशी तयार झाली होती, ते आधी थोडक्यात पाहू. घोड्यांच्या श्वसनरोगांची साथ ही फार जुनी गोष्ट आहे. १८७२ च्या शरद ऋतूत कॅनडात टोरंटोच्या आसपास घोडे खोकू लागले आणि काही महिन्यांत ती साथ उत्तर अमेरिकाभर पसरली. घोड्यावर चालणारे सगळे शहर त्या काळात ठप्प झाले. नोव्हेंबरात बॉस्टन शहराला मोठी आग लागली तेव्हा आगीचे बंब ओढायला धड घोडे नव्हते. माणसांनी ते ओढत नेले. त्या काळी रोगाची चाचणी म्हणजे कान. तबेल्यातून खोकल्याचा आवाज आला, साथ आली. विषाणू ही कल्पनाच अजून जन्माला यायची होती.

घोड्यांच्या इन्फ्लूएन्झाचा विषाणू प्रत्यक्ष हाती लागायला १९५६ साल उजाडावे लागले. तो प्रागमध्ये सापडला. मग १९६३ मध्ये मायामीत दुसऱ्या प्रकारचा सापडला, आणि आज जगभर घोड्यांना खोकवणारा इन्फ्लूएन्झा या दुसऱ्या प्रकारातला आहे. नाकातला स्राव कोंबडीच्या गर्भधारी अंड्यात टोचायचा, अंड्यातल्या द्रवाने तांबड्या रक्तपेशींच्या गुठळ्या होतात का ते बघायचे, आणि घोड्याचे रक्त आजाराच्या सुरुवातीला एकदा व दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा घेऊन त्यातली प्रतिपिंडे वाढली का ते ताडायचे, अशी ती पद्धत होती. उत्तर मिळेपर्यंत घोडा बरा तरी झालेला असे किंवा गेलेला तरी. याखेरीज घोड्यांचे हर्पीसविषाणू होते. आफ्रिकी अश्वरोग होता. चिलटांमार्फत पसरणारा आणि फुप्फुसात पाणी भरवणारा हा भयंकर रोग १९६० च्या सुमारास पश्चिम आशियातून भारतापर्यंत आला होता. भारताने इन्फ्लूएन्झाच्या मोठ्या साथीही पाहिल्या, १९८७ मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये. तेव्हा आपल्याकडचे टांगेवाले, वीटभट्टीवरचे खेचरवाले आणि रेसकोर्सवरचे सईस या सर्वांना ‘घोड्याचा खोकला’ म्हणजे काय ते नीट माहीत आहे.

ब्रिस्बेनमध्ये पशुवैद्य पीटर रीड यांच्यासमोर घोडे पटापट मरत होते, तेव्हा मनात येणारी नावे हीच होती. इन्फ्लूएन्झा इतका मारक नसतो. हर्पीसचे चित्र वेगळे असते. आफ्रिकी अश्वरोगाशी लक्षणे जुळत होती, पण तो ऑस्ट्रेलियात कधी आलेलाच नव्हता. आला असता तर देशातल्या घोड्यांच्या सगळ्या व्यवसायावर गंडांतर होते. विषबाधेचाही संशय होता. शर्यतीच्या धंद्यात तो कायमच असतो. भागातल्या घोड्यांची ने-आण थांबवण्यात आली आणि नमुने दक्षिणेला व्हिक्टोरिया राज्यातल्या जिलाँग इथे राष्ट्रीय प्राणिआरोग्य प्रयोगशाळेत रवाना झाले.

ही प्रयोगशाळा १९८५ मध्ये सुरू झाली होती. आतली हवा गाळल्याशिवाय बाहेर जाणार नाही अशी दाबाची रचना, आणि काम संपवून बाहेर पडताना अंघोळ सक्तीची. ती उभारताना खर्चावरून बरीच टीका झाली होती. इतक्या दूरच्या बेटासारख्या देशाला एवढी जंगी इमारत कशाला हवी, असा प्रश्न होता. १९९४ च्या सप्टेंबरात तो प्रश्न मागे पडला.

जिलाँगला आधी यादीतल्या नावांच्या चाचण्या झाल्या. आफ्रिकी अश्वरोग नाही. इन्फ्लूएन्झा नाही. हर्पीस नाही. इथे चाचण्यांमधला एक मूलभूत फरक समजून घेतला पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. दार ठोठावून ‘घरात कोण आहे?’ असे विचारता येते, किंवा ‘जोशी आहेत का?’ असे विचारता येते. दुसरा प्रश्न झटपट सुटतो आणि उत्तर नेमके मिळते. पण घरात कुलकर्णी बसले असतील, तर उत्तर येते ‘नाहीत’, आणि आपण घर रिकामे समजून परत फिरतो. ठरावीक प्रतिपिंडांवर किंवा ठरावीक जनुकतुकड्यावर बेतलेली चाचणी ‘जोशी आहेत का?’ असे विचारते. कोविडच्या काळात आपल्या नाकात गेलेला स्वॅब हाच प्रश्न विचारत होता. जिवंत पेशींच्या थरावर नमुना सोडून काय उगवते ते पाहणे, हा मात्र पहिला प्रश्न. तो वेळखाऊ आहे, धोक्याचा आहे, आणि दर वेळी त्याला उत्तर मिळतेच असे नाही.

जिलाँगच्या शास्त्रज्ञांनी मेलेल्या घोड्यांच्या फुप्फुसातला आणि प्लीहेतला नमुना माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशींवर सोडला. थोड्याच दिवसांत पेशी एकमेकींत विरघळून मोठमोठे, अनेक केंद्रके असलेले गोळे तयार झाले. हे गोवराच्या कुळातल्या विषाणूंचे लक्षण. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीही त्याच कुळातला विषाणू दिसला. तोच रोगाचे मूळ आहे हे ठरवण्यासाठी मेलेल्या घोड्यांतला अंश दोन निरोगी घोड्यांना टोचण्यात आला. दोन्ही घोडे आजारी पडून मेले. रेल यांच्या मूत्रपिंडातूनही तोच विषाणू मिळाला. नमुने पोचल्यापासून काही आठवड्यांत एवढे सगळे घडले. १९९४ च्या साधनांनी ते घडले हे आज मागे वळून पाहताना मला फार मोठे वाटते.

नाव ठेवताना मात्र घाई झाली. एप्रिल १९९५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात कीथ मरे आणि सहकाऱ्यांचा निबंध आला, त्यात विषाणूला गोवराच्या गटात बसवले होते. या गटात माणसाचा गोवर, कुत्र्यांचा डिस्टेंपर आणि गुरांची बुळकांडी येते. ज्या पिढीने बुळकांडीत गोठेच्या गोठे रिकामे होताना पाहिले, तिला हा नातेसंबंध ऐकून धसका बसला असता. पुढे विषाणूचा सगळा जनुकीय मजकूर वाचल्यावर कळले की तो गोवराच्या गटातला नाहीच. त्याचा मजकूर त्या कुळातल्या तेव्हा माहीत असलेल्या इतर विषाणूंपेक्षा लांब होता. त्याच्यासाठी नवा गट करावा लागला आणि विषाणूला उपनगराचे नाव मिळाले: हेंड्रा.

लागण होऊनही वाचलेले सात घोडे होते. त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे होती, म्हणजे त्यांनी विषाणूला हरवले होते. तरी त्यांना मारून टाकण्यात आले. विषाणू अंगात कुठे लपून राहतो की काय, याची खात्री कुणालाच नव्हती. हा निर्णय निष्ठुर वाटतो. पण वर्षभराने उत्तरेकडून जी बातमी आली, तिने या निर्णयाला कारण दिले.

मकाय हा क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावरचा उसाचा मुलूख, ब्रिस्बेनपासून उत्तरेला सुमारे आठशे किलोमीटर. ऑक्टोबर १९९५ मध्ये तिथला एक ऊसउत्पादक शेतकरी मेंदूच्या दाहाने आजारी पडून वारला. त्याच्या रक्तात आणि मेंदूत हेंड्राचा पुरावा मिळाला. पण तो तर ब्रिस्बेनच्या त्या तबेल्याच्या आसपासही गेलेला नव्हता. मग चौकशीत मागचे निघाले. त्याची पत्नी पशुवैद्य होती. १९९४ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे हेंड्रातल्या घटनेच्याही एक महिना आधी, त्यांच्या शेतावर दोन घोडे मेले होते. पत्नीने शवविच्छेदन केले, त्याने मदत केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याला मेंदूच्या आवरणाचा सौम्य दाह झाला होता आणि तो बराही झाला होता. विषाणू वर्षभर त्याच्या अंगात दबा धरून होता.

त्या दोन घोड्यांच्या मृत्यूचे तेव्हा काय कारण लिहिले गेले होते? एकाला अव्होकाडोच्या झाडाचा पाला खाऊन विषबाधा झाली असावी, दुसऱ्याला साप चावला असावा. यात कुणाचा निष्काळजीपणा शोधण्यात अर्थ नाही. अव्होकाडोचा पाला घोड्याला खरोखर विषारी असतो आणि क्वीन्सलँडमध्ये विषारी सापांना तोटा नाही. यादीत जी नावे होती त्यातली सर्वांत जवळची निवडली गेली, इतकेच. सुदैव हे की त्या घोड्यांच्या अवयवांचे तुकडे जपून ठेवलेले होते. जिलाँगला ते पुन्हा तपासले गेले आणि दोन्ही घोडे हेंड्रानेच मेल्याचे दिसले. म्हणजे इतिहासाच्या क्रमाने हेंड्राचा तबेला ही दुसरी घटना. पहिली घटना बाटलीत बंद होऊन फळीवर उभी होती, आणि तिच्यावर दुसरीच चिठ्ठी डकवलेली होती.

आठशे किलोमीटरवरच्या या दोन जागांमध्ये घोड्यांची कसलीही ये-जा झालेली नव्हती. राज्यातल्या इतर घोड्यांचे रक्त मोठ्या प्रमाणावर तपासले, तर कुणातच प्रतिपिंडे नाहीत. तेव्हा विषाणू घोड्यांचा नव्हताच. तो घोड्यांकडे पाहुणा आला होता. कोणाकडून? दोन्ही ठिकाणी आढळणारा आणि इतके अंतर सहज कापणारा प्राणी हवा होता. ह्यूम फील्ड या पशुवैद्य संशोधकाने रानातल्या प्राण्यांचे रक्त तपासायला घेतले. उंदीर, घुशी, पक्षी यांतून काही निघेना. मग जखमी वन्यप्राण्यांची शुश्रूषा करणाऱ्या लोकांकडच्या प्राण्यांकडे मोर्चा वळला, आणि १९९६ मध्ये फळखाऊ वटवाघळांत हेंड्राची प्रतिपिंडे सापडली. त्याच वर्षी कुंपणाच्या तारेत अडकलेल्या एका गाभण वटवाघळाच्या गर्भाशयातल्या द्रवातून खुद्द विषाणूच मिळाला. वटवाघळांना तो काही करत नाही. त्यांच्या मूत्रातून तो बाहेर पडतो. उंबर-वडाच्या जातीच्या झाडाला फळे धरली की वटवाघळांचे थवे येतात. त्या झाडाखाली घोडा चरत असतो. बाकीचे सांगायला नको. ड्रामा सीरीजला बहुधा अशाच एखाद्या झाडाखाली लागण झाली.

यात एक चमत्कारिक गोष्ट आहे. वटवाघळे रोज हाताळणाऱ्या, त्यांचे चावे आणि ओरखडे सोसणाऱ्या शंभराहून अधिक लोकांचे रक्त तपासले गेले. एकालाही लागण झालेली नव्हती. आजवर माणसाला हेंड्राची लागण झाल्याच्या सातही घटना घोड्यांमार्फत झाल्या आहेत. घोड्याच्या शरीरात विषाणू वाढतो, आणि तिथून माणसापर्यंत येतो. ज्याला हेंड्रा शोधायचा आहे त्याला घोड्याच्या तोंडाशी जावे लागते.

मध्येच एक वळण घेतो, कारण हेंड्राच्या चाचणीचा सर्वांत मोठा उपयोग ऑस्ट्रेलियात झाला नाही. सप्टेंबर १९९८ पासून मलेशियात डुकरे पाळणाऱ्या लोकांना मेंदूज्वर होऊ लागला. कारण ठरलेले होते: जपानी मेंदूज्वर. डास मारायची फवारणी झाली, लोकांना लसी टोचल्या गेल्या, आणि माणसे मरतच राहिली. १९९९ च्या मार्चमध्ये क्वालालंपूरचे डॉ. च्युआ काव बिंग यांनी पेशींत वाढवलेला एक विषाणू अमेरिकेला नेला. तो हेंड्राच्या प्रतिपिंडांना ओळख देऊ लागला. हेंड्रा नव्हे, हेंड्राचा भाऊबंद. एका गावावरून त्याला निपाह हे नाव पडले. हेंड्रा आधी सापडलेला नसता, तर त्या कुळाचे दार ठोठवायला कुणाकडे नावच नव्हते. मलेशियात १०५ माणसे दगावली आणि दहा लाखांहून अधिक डुकरे मारावी लागली. पुढचे आपल्या घरचेच आहे: २०१८ मध्ये केरळात कोझिकोडला निपाह आला तेव्हा नमुने मणिपाल आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासले गेले, आणि या पुण्याच्या संस्थेनेच महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांत निपाहच्या खुणा आढळल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. फिलिपाइन्समध्ये २०१४ साली निपाहसारख्याच विषाणूने आधी घोडे मारले, आणि मग त्या घोड्यांचे मांस खाणारी व त्यांची काळजी घेणारी माणसे.

परत क्वीन्सलँडला येतो.

जुलै २००८. ब्रिस्बेनच्या पूर्वेला रेडलँड्स भागातल्या एका अश्वरुग्णालयात घोडे आजारी पडू लागले. पण या वेळी नाकातून फेस नव्हता, धाप नव्हती. घोडे अडखळत होते, डोके एका बाजूला झुकवत होते. चेताविकार वाटावा असे ते चित्र होते. हेंड्रा म्हणजे ‘श्वसनरोग’ हे समीकरण गेली चौदा वर्षे पक्के झाले होते, आणि हे घोडे त्या वर्णनात बसत नव्हते. हेंड्राचे नाव पुढे यायला वेळ लागला. पाच घोड्यांना लागण झाली. रुग्णालयातला एक तरुण पशुवैद्य आणि एक परिचारिका आजारी पडले. परिचारिका वाचली. पशुवैद्य ऑगस्टमध्ये वारला.

त्यांना लागण कशी झाली असावी, याचा जो शोध घेतला गेला तो वाचताना अंगावर काटा येतो. एका घोड्याची नाकपोकळी दुसऱ्याच कारणासाठी रोज धुतली जात होती. नळीने पाणी आत सोडायचे, ते बाहेर येते, अंगावर उडते. त्या दिवसांत तो घोडा आजारीच नव्हता. लक्षणे नंतर दिसली. पुढे जिलाँगमध्ये घोड्यांना मुद्दाम लागण करून पाहिले तेव्हा कळले की लागण झाल्यापासून दोनच दिवसांत घोड्याच्या नाकात विषाणूचा अंश मिळू लागतो, आणि ताप यायला त्यानंतर आणखी काही दिवस लागतात. तबेल्यात कान देऊन खोकला ऐकणाऱ्या जुन्या माणसापासून रेडलँड्सच्या त्या डॉक्टरपर्यंत सर्वांनी घोड्याच्या आजाराची सुरुवात लक्षणांपासून धरली होती. नाकाने ती आधीच धरलेली होती.

पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, रॉकहॅम्प्टनजवळ आणखी एक पशुवैद्य गेला. सात रुग्णांतल्या चार मृत्यूंचा हिशेब असा आहे: एक ट्रेनर, शवविच्छेदनात मदत करणारा एक शेतकरी, दोन पशुवैद्य. जे तीन वाचले त्यांत तबेल्यातला मदतनीस, परिचारिका आणि एका मेलेल्या घोड्याच्या तपासणीत हात घातलेली पशुवैद्य आहे. सगळे घोड्याच्या कामातले. घोड्याला काय झाले हे शोधण्याची किंमत शोधणाऱ्यानेच मोजली. त्यानंतर अनेक पशुवैद्यांनी घोड्यांची प्रॅक्टिस सोडली, आणि त्यांना नावे ठेवणे मला तरी जमणार नाही.

काम करण्याची रीतच बदलली. आजारी घोडा दिसला की आधी मुखपट्टी, डोळ्यांवर चष्मा, अंगभर झगा, दुहेरी हातमोजे. मग नाक, तोंड आणि गुदद्वारातले स्वॅब आणि रक्त. नमुना प्रयोगशाळेत पोचून पीसीआरचे उत्तर येईपर्यंत घोड्याला इतर कोणतीही जोखमीची तपासणी नाही. क्वीन्सलँडच्या आडगावातून नमुना पोचायलाच दिवस मोडतो. पोटशूळाने तळमळणाऱ्या घोड्यासाठी हा वेळ फार मोठा असतो, आणि मालक दाराशी उभा राहून विचारतो की डॉक्टर आत का येत नाहीत. २०११ मध्ये क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्स मिळून १८ ठिकाणी हेंड्रा निघाला, तेव्हा हे दृश्य नित्याचे झाले. नोव्हेंबर २०१२ मध्ये घोड्यांसाठी लस आली. ती विषाणूच्या पृष्ठभागावरच्या एका प्रथिनापासून बनवली होती. लस टोचलेल्या घोड्याच्या रक्तात प्रतिपिंडे असतात, त्यामुळे परदेशी पाठवायच्या घोड्यांच्या मालकांपुढे अडचणी उभ्या राहिल्या. दुष्परिणामांच्या तक्रारी झाल्या, खटलेही झाले. बऱ्याच घोड्यांना लस दिलीच गेली नाही.

आता पीसीआर हा ‘जोशी आहेत का?’ असे विचारणारा प्रश्न आहे, हे वर आलेच आहे. हेंड्राची पीसीआर चाचणी १९९४ च्या विषाणूच्या मजकुरावर बेतलेली होती. दर वर्षी शेकडो आजारी घोड्यांचे नमुने येत, त्यातले बहुतेक ‘निगेटिव्ह’ येत, आणि तिथेच फाइल बंद होई. बहुतेक वेळा ते योग्यही होते. पण काही घोडे असे होते की त्यांची लक्षणे पाहणारा पशुवैद्य पैजेवर सांगेल की हा हेंड्रा आहे, आणि अहवाल म्हणे की नाही.

सिडनी विद्यापीठातले पशुवैद्य एड ऍनंड आणि जिलाँगसह इतर संस्थांतले संशोधक यांनी एक साधे काम हाती घेतले. हेंड्रासाठी निगेटिव्ह आलेले, पण संशयास्पद असे जुने नमुने त्यांनी शीतपेटीतून बाहेर काढले आणि त्यांना मोकळा प्रश्न विचारला: या सबंध विषाणूकुळातले कुणी आहे का? त्यात सप्टेंबर २०१५ मध्ये आग्नेय क्वीन्सलँडमध्ये मेलेल्या एका घोड्याचा नमुना होता. कुणीतरी होते. सगळा मजकूर वाचला तेव्हा तो हेंड्राच निघाला, पण १९९४ च्या हेंड्रापेक्षा त्याचा सुमारे सहावा भाग वेगळा होता. नेमक्या ज्या जागी नेहमीची चाचणी चिकटते, तिथली अक्षरे बदललेली होती. जोशीच, पण दाराच्या पाटीवर आडनावाची वर्तणी वेगळी. त्याच सुमारास इतर संशोधकांना वटवाघळांच्या जपून ठेवलेल्या नमुन्यांतही हाच प्रकार आढळला, आणि तो दक्षिणेकडच्या राज्यांपर्यंत पसरलेला होता. हेंड्राचा धोका नाही असे समजल्या जाणाऱ्या मुलखांत तो आधीपासूनच होता. लस मात्र या प्रकारावरही चालेल असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. तिचे लक्ष्य असलेले प्रथिन दोन्हींत पुरेसे सारखे आहे.

नवी चाचणी तयार करून ती ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगशाळांना देण्यात आली. ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या न्यूकॅसलजवळ एक घोडा मेला. हेंड्रा तोवर इतक्या दक्षिणेला कधीच नोंदला गेला नव्हता. नव्या चाचणीने नमुना तपासला आणि हा दुसरा प्रकार सापडला. घोड्याच्या संपर्कात आलेल्या माणसांना त्याच दिवसांत गाठून त्यांच्यावर लक्ष ठेवता आले. २०१५ च्या त्या घोड्याजवळ जी माणसे होती, त्यांच्या हातात निगेटिव्ह अहवाल होता.